जनुकातलं एक अक्षर बदललं की प्रथिनाचं काय होतं? विदर्भातल्या सिकलसेलवरून समजून घेऊ

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीबाहेर "पॅटर्न कोणता?" असं कोणी कोणाला विचारलं, तर विषय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. उत्तर येतं 'एएस', म्हणजे आजाराचा नुसता वाहक, किंवा 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांत ही दोन अक्षरं माहीत असतात. पण नेमकं काय बिघडलं आहे असं विचारलं, तर बहुतेक वेळा "रक्त खराब आहे" एवढंच ऐकू येतं. हे वाक्य मला फार खटकतं. ते चुकीचं आहे, आणि त्यापायी मुलींची जमलेली लग्नं मोडतात, माणसं रिपोर्ट लपवतात. रक्त खराब नसतं. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या डीएनएमध्ये एका ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' आलेलं असतं. एवढ्याशा बदलाने प्रथिन कसं बदलतं आणि प्रथिन बदललं की माणूस कसा आजारी पडतो, हे सिकलसेलमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं फार थोड्या आजारांत दिसतं. उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएतला असा बदल, काय असतं हे समजून घ्यायला विदर्भातल्या माणसाला दूर जायची गरजच नाही.

डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. त्यातला जो तुकडा एखादं प्रथिन कसं बनवायचं हे सांगतो, त्याला आपण जनुक म्हणतो. माणसात अशी प्रथिनं सांगणारी जनुकं सुमारे २० हजार आहेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्लं २० प्रकारची, आणि ती कोणत्या क्रमाने जोडायची हे जनुकातल्या अक्षरांचा क्रम ठरवतो. पेशी आधी जनुकाची आरएनए नावाची प्रत काढते. मग रायबोसोम ही प्रत तीन-तीन अक्षरांनी वाचत जातो आणि प्रत्येक तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल जोडतो. चार अक्षरांपासून तीन-तीनचे ६४ गट होतात. त्यातले ६१ अमिनो आम्लांसाठी, आणि उरलेले तीन 'इथे थांब' असं सांगणारे. कोणत्या गटाचा अर्थ काय, हे कोडं सोडवणाऱ्यांमध्ये हरगोबिंद खोराना होते. १९६८ चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं ते याच कामासाठी.

तीन-तीन अक्षरांनी वाचणं किती महत्त्वाचं आहे, हे पहिलीच्या पुस्तकातल्या बिनकान्याच्या शब्दांवरून लगेच कळतं. समजा वाक्य असं आहे: 'मदन सरळ पळत बदक पकड'. आता 'पळत'मधल्या 'ळ'च्या जागी 'ड' आला, तर वाक्य होतं 'मदन सरळ पडत बदक पकड'. एकच शब्द बदलला. अर्थ थोडा बिघडला, पण बाकी वाक्य शाबूत आहे. याउलट 'मदन'मधला 'द' गळाला आणि वाचणारा तीन-तीनचा हट्ट सोडत नसेल, तर तो वाचेल 'मनस रळप ळतब दकप कड'. चूक एकाच अक्षराची, पण तिथून पुढे एकही शब्द जागेवर राहिला नाही. अक्षर बदलणं वेगळं आणि अक्षर गळणं किंवा घुसणं वेगळं, हा फरक लक्षात ठेवा. सिकलसेल पहिल्या प्रकारात मोडतो. थॅलेसेमिया या रक्ताच्याच आणखी एका आनुवंशिक आजारात दुसऱ्या प्रकारचे नमुने भरपूर सापडतात.

हिमोग्लोबिन हे लाल पेशीतलं प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. एका लाल पेशीत त्याचे साधारण २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि तयार साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागेसाठी जनुकात 'जीएजी' ही तीन अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये मधल्या 'ए'चा 'टी' होतो, 'जीएजी'चं 'जीटीजी' होतं, आणि त्याचा अर्थ आहे व्हॅलीन. १४६ पैकी १४५ अमिनो आम्लं जिथल्या तिथे असतात.

मग एवढ्याने इतका त्रास का? कारण ही दोन अमिनो आम्लं स्वभावाने अगदी उलट आहेत. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात आनंदाने राहतं. व्हॅलीनवर भार नसतो, ते तेलकट प्रकृतीचं, पाण्यापासून अंग चोरणारं. आणि सहावी जागा साखळीच्या आत दडलेली नाही, ती रेणूच्या बाहेरच्या बाजूला आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवर एक छोटी खोबण उघडी पडते. तीही पाण्याला नाखूश. शेजारच्या रेणूचा व्हॅलीन त्या खोबणीत जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जातात आणि १४ पदरांचे ताठ तंतू तयार होतात. मऊ, लवचीक लाल पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकते. फुप्फुसात प्राणवायू मिळाला की तंतू विरघळतात, पेशी पुन्हा गोल होते. पण हे वारंवार झालं की तिचं आवरण खराब होतं आणि मग ती वाकलेलीच राहते. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कमी. आणि अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून हाडांत, छातीत, पोटात त्या असह्य कळा.

हे तंतू बनायला किती वेळ लागतो, हे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर अवलंबून असतं, आणि ते फार नाजूक गणित आहे. दाटपणा थोडासा वाढला तरी तंतू कितीतरी पट लवकर बनतात. शरीरातलं पाणी कमी झालं की नेमकं हेच होतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, एसएस असलेल्या मुलाला डॉक्टर पुन्हा पुन्हा पाणी पी म्हणून सांगतात, तेव्हा तो पोकळ उपदेश नसतो. प्राणवायू सोडलेली पेशी फुप्फुसात परतायला काही सेकंद घेते. तंतू बनायला त्याहून जास्त वेळ लागला, तर ती पेशी वाकण्याआधीच सुटते. पाण्याचा एक ग्लास ते थोडे सेकंद मिळवून देतो.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर सिकलसेलच्या दोन तपासण्या बघाव्यात. पहिली विद्राव्यता चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. बोटाच्या टोकातून रक्ताचा एखादा थेंब घेऊन तो एका द्रावणात टाकतात. हे द्रावण लाल पेशी फोडतं आणि त्यातलं रसायन हिमोग्लोबिनकडून प्राणवायू काढून घेतं. मग परीक्षानळी काळ्या रेघा छापलेल्या कागदासमोर धरायची. रेघा आरपार दिसल्या तर एस हिमोग्लोबिन, म्हणजे सिकलसेलचं व्हॅलीनवालं हिमोग्लोबिन, नाही. द्रावण गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. तो गढूळपणा म्हणजे न विरघळता एकमेकांना धरून बसलेले रेणू. पण एएस असो की एसएस, नळी दोघांचीही गढूळ होते, त्यामुळे ही चाचणी पॅटर्न सांगू शकत नाही.

पॅटर्न सांगते इलेक्ट्रोफोरेसिस. हिमोग्लोबिनचा थेंब एका पट्टीवर ठेवून वीज सोडतात आणि रेणू धन टोकाकडे सरकू लागतात. एस हिमोग्लोबिनच्या दोन्ही बीटा साखळ्यांवरचा एकेक ऋण भार गेलेला आहे, म्हणून ते मागे रेंगाळतं. निरोगी माणसाचा मुख्य पट्टा पुढे, एसएसचा मागे, आणि एएसचे दोन पट्टे, एक पुढे, एक मागे. एका अक्षराचा फरक इथे पट्टीवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच फरक पकडला आणि आजाराचं मूळ एका रेणूत असू शकतं हे पहिल्यांदा दाखवून दिलं. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे हे शोधलं. हल्ली बऱ्याच ठिकाणी एचपीएलसी हे यंत्र हेच काम करतं आणि प्रत्येक हिमोग्लोबिन किती टक्के आहे तेही छापून देतं.

आता त्याच 'जीएजी'शी थोडं खेळून बघू. तीन जागा, प्रत्येक जागी तीन पर्यायी अक्षरं, म्हणजे एका अक्षराचे नऊच बदल शक्य आहेत. शेवटच्या 'जी'चा 'ए' झाला तर 'जीएए', आणि त्याचाही अर्थ ग्लुटामिक आम्लच. डीएनए बदलला, प्रथिन जसंच्या तसं. त्याच जागी 'टी' किंवा 'सी' आला तर अ‍ॅस्पार्टिक आम्ल येतं, ग्लुटामिकचं जवळचं भावंड, त्याच्यावरही ऋण भार. पहिल्या 'जी'चा 'ए' झाला तर लायसीन, धन भाराचं. यातून सी हिमोग्लोबिन बनतं, जे पश्चिम आफ्रिकेत आढळतं आणि सिकलसेलपेक्षा बरंच सौम्य असतं. पहिल्या 'जी'चा 'टी' झाला तर 'टीएजी', म्हणजे 'थांब'. साखळी सहाव्या पायरीआधीच संपली. मधल्या 'ए'चा 'सी' झाला तर 'जीसीजी', म्हणजे अ‍ॅलनीन. असं हिमोग्लोबिन इंडोनेशियातल्या मकस्सर शहराच्या नावाने ओळखलं जातं, आणि त्याने पेशी वाकत नाहीत. उरले ग्लुटामीन, ग्लायसीन आणि आपल्या ओळखीचा व्हॅलीन. म्हणून 'उत्परिवर्तन' हा शब्द ऐकूनच घाबरण्यात अर्थ नाही. कोणतं अक्षर, कोणत्या जागी आणि त्याने अमिनो आम्लाचा स्वभाव बदलला का, हे विचारल्याशिवाय काहीच ठरत नाही. आपण प्रत्येक जण आईवडिलांकडे नसलेली साठ-सत्तर नवी अक्षरं घेऊनच जन्माला आलो आहोत, आणि त्यातल्या बहुतेकांचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

सिकलसेलमध्ये प्रथिन पुरेसं बनतं, पण वेगळं बनतं. थॅलेसेमियात जे बनतं ते कमी बनतं किंवा बनतच नाही. नागपूरकरांना याचं उदाहरण जरीपटक्यात मिळेल. फाळणीनंतर इथे सिंधी कुटुंबं वसली. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यांच्यात वारंवार आढळणारा एक बदल म्हणजे बीटा जनुकाच्या शेवटाकडची ६१९ अक्षरं सलग गायब असणं. एवढा तुकडा गेल्यावर कामाची साखळी बनणं शक्यच नाही. भारतात आढळणारे बाकीचे नमुनेही बघण्यासारखे आहेत. आठव्या आणि नवव्या गटाच्या मध्ये एक जास्तीचा 'जी' घुसतो, आणि मदनच्या वाक्यासारखं पुढचं सगळं वाचन घसरतं. पंधराव्या गटात 'टीजीजी'चा 'टीएजी' होतो आणि साखळी तिथेच थांबते. वेळेआधी 'थांब' आलेली आरएनए प्रत पेशी ओळखते आणि बहुतेक वेळा नष्टच करते, त्यामुळे अर्धवट साखळीही फारशी बनत नाही.

भारतात सगळ्यात जास्त आढळणारा बीटा थॅलेसेमियाचा बदल तर प्रथिनाच्या अक्षरांत नाहीच. जनुकात मधेमधे असे तुकडे असतात, जे आरएनए प्रतीतून कापून टाकायचे असतात. कुठे कापायचं हे त्या तुकड्यांच्या कडेची अक्षरं सांगतात. पहिल्या तुकड्याच्या पाचव्या अक्षरावर 'जी'चा 'सी' झाला की कापणारी यंत्रणा गोंधळते, बऱ्याच प्रती चुकीच्या जागी कापल्या जातात, आणि योग्य बीटा साखळी अगदी थोडी बनते. बीटा कमी पडली की जोडीदार नसलेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि लाल पेशी अस्थिमज्जेतच मरतात. दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाच्या शरीरात हे चाललेलं असतं.

"आमा दोघायले त काईच नाई, मंग पोराले काऊन झालं?" हा प्रश्न विदर्भातली आई विचारते तेव्हा त्यात दुःखासोबत अपराधाची बोचही असते, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. प्रत्येकाकडे बीटा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एएस माणसाची एक प्रत नेहमीची, एक एसची. त्याच्या लाल पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नेहमीचं असतं, ते तंतूंच्या मध्ये येतं आणि पेशी सहसा वाकत नाही. एएस माणूस आजारी नसतो, त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के, आणि दोन्ही प्रती नेहमीच्या असण्याची २५ टक्के. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब मात्र करू नये. दर खेपेला पाटी कोरी असते.

आणि हे अक्षर इकडेच इतकं का टिकलं? १९५४ मध्ये अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की एएस मुलांना मलेरियाच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने मुलं दगावत होती, तिथे एएस मुलं जास्त जगली आणि हे अक्षर पुढे जात राहिलं. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आजही आहे. ज्या समाजांत सिकलसेल जास्त दिसतो, त्यांच्या पूर्वजांना याच अक्षराने तगवलं आहे. कोणाच्या रक्ताला खराब म्हणण्याआधी हे आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

वारशाने न येणारी उत्परिवर्तनंही असतात. नागपुरात खर्रा सर्रास खाल्ला जातो: सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून. तंबाखूतली काही रसायनं तोंडाच्या पेशींमधल्या डीएनएच्या अक्षरांना चिकटतात, आणि पेशी विभागताना तिथे चुकीचं अक्षर उतरवलं जातं. पी-५३ नावाचं प्रथिन खराब डीएनए असलेल्या पेशीला विभागू देत नाही. तोंडाच्या कर्करोगात बिघडलेलं सापडतं ते अनेकदा त्याचंच जनुक. हा बदल मुलांकडे जात नाही, त्या माणसाच्या त्या पेशींपुरताच राहतो. पण त्याला तेवढा पुरतो.

उपचारांकडे वळू. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते, जिच्यात ही भानगडच नाही. म्हणून एसएस बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही, आणि म्हणूनच जन्मतःच तपासणी करणं गरजेचं आहे. गॅमाचं उत्पादन हळूहळू बंद होतं. काहींच्या गॅमा जनुकाच्या आधी, १५८ अक्षरं मागे, 'सी'च्या जागी 'टी' असतो. तिथे प्रथिनाचा एकही शब्द नाही, पण त्या बदलाने गॅमा मोठेपणीही थोडी बनत राहते आणि आजार सौम्य होतो. भारतातल्या बऱ्याच सिकलसेल रुग्णांत हा बदल आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या हेच काम औषधाने करतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही जनुक-संपादनाची उपचारपद्धतीही सिकलसेलच्या बदललेल्या अक्षराला हात लावत नाही, गॅमाला दाबून ठेवणारी कळ सैल करते. थेट अक्षर बदलणाऱ्या एका तंत्राचे प्रयत्नही झाले आहेत. 'जीटीजी'चं परत 'जीएजी' करणं त्या तंत्राला जमत नाही, पण 'जीसीजी' करता येतं. म्हणजे मकस्सरचं निरुपद्रवी हिमोग्लोबिन! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे यशस्वी झालं.

हे उपचार इथल्या सामान्य घरापर्यंत पोचायला वेळ आहे. तपासणी मात्र आजच पोचू शकते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. लग्न ठरवताना दोघांची तपासणी करा, आणि फक्त सोल्युबिलिटीवर थांबू नका. नागपुरात एस आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत. एकाकडे एस आणि दुसऱ्याकडे थॅलेसेमियाची प्रत असेल, तर मुलाला दोन्ही मिळून एसएससारखाच गंभीर आजार होऊ शकतो, आणि थॅलेसेमियाचा वाहक सोल्युबिलिटीत सुटून जातो. एचपीएलसीच्या रिपोर्टमध्ये 'एचबी ए२' या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची ओळ असते. तो आकडा ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा. दोघंही वाहक निघाले आणि दिवस गेले, तर दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाच्या बीटा जनुकातली अक्षरं वाचता येतात. त्यासाठी डॉक्टरकडे पहिल्या दोन महिन्यांतच जायला हवं.